परदेशच्या गिऱ्हाइकाला तपासलेले औषध, नगऱ्याच्या कामगाराला बिनतपासलेले!

वनौषधींच्या सुरक्षिततेचा प्रश्न परंपरेच्या अभिमानाचा नाही, जनतेच्या आरोग्याचा आहे

नगरा (झाशी) : ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्र सरकारने एक आदेश काढला. केवळ वनस्पतींपासून बनविलेली आयुर्वेदिक, सिद्ध व युनानी औषधे देशाबाहेर पाठवावयाची असतील, तर १ जानेवारी २००६ पासून त्यांतील शिसे, पारा, आर्सेनिक आणि कॅडमियम या जड धातूंची तपासणी झालीच पाहिजे आणि ते मर्यादेच्या आत असल्याचे वेष्टनावर छापलेच पाहिजे, असा तो आदेश होता. आदेश योग्यच होता. पण त्यातील एक शब्द प्रत्येक कामगाराने आणि शेतकऱ्याने नीट वाचावा असा आहे. तो शब्द म्हणजे ‘निर्यात’.

सरकारला ही उपरती कशी झाली? डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. बॉस्टन शहराच्या परिसरातील दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक औषधे विकत घेऊन तपासण्यात आली. त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. परदेशची बाजारपेठ हातची जाईल या धास्तीने सरकार खडबडून जागे झाले. मात्र याच जातीचा माल जे कोट्यवधी लोक स्वदेशात वर्षानुवर्षे घेत होते, त्यांच्यासाठी ही सक्ती नव्हती. पुढे आयुर्वेदिक औषधकोशात या धातूंच्या मर्यादा छापल्या गेल्या, हे खरे. परंतु कोशात मर्यादा छापणे वेगळे आणि प्रत्येक घाण्याची तपासणी करून डबीवर तसे लिहिण्याची सक्ती करणे वेगळे. डॉलर देणाऱ्याला एक माप आणि घाम गाळणाऱ्याला दुसरे! या दुटप्पी नीतीविरुद्धच हा लेख आहे.

औषधांच्या शहरातील प्रश्न

नगरा हे झाशीच्या रेल्वे वस्त्यांना लागून असलेले श्रमिकांचे ठिकाण. नेवाळकरांच्या काळापासून आणि पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या काळापासून मराठी कुटुंबे झाशीत राहत आली आहेत. औषधाच्या बाबतीत हे शहर दरिद्री मुळीच नाही. येथे १९६८ साली स्थापन झालेले महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे, सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आहे, ग्वाल्हेर रस्त्यावर केंद्र सरकारची आयुर्वेद संशोधन संस्था आहे आणि बैद्यनाथसारख्या देशभर नाव असलेल्या उत्पादकाचा कारखानाही आहे. औषध शिकविणारे, त्याचे संशोधन करणारे, ते बनविणारे आणि ते घेणारे, असे चौघेही एकाच शहरात आहेत.

मग प्रश्न असा पडतो की, दिवसभर लोखंड उचलून पाठ धरलेला कामगार बाजारातून सांधेदुखीची जी पुडी घेतो, तीत काय आहे हे त्याला कोण सांगणार? पुडीवर घटकांची यादी नसते, बनविणाऱ्याचा पत्ता नसतो, परवाना क्रमांक नसतो. दोन दिवसांत दुखणे पळते आणि पुडीची ख्याती शेजारीपाजारी पसरते. अशा ‘जडीबुटी’च्या पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ असल्याचे भारतात आणि भारताबाहेर अनेकदा उघडकीस आले आहे. स्टेरॉइडने दुखणे दबते, पण हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर चढते, आणि औषध अचानक थांबविले तर जिवावर बेतते. कामगार मात्र समजतो की आपण झाडपाला खातो आहोत, त्याने अपाय कसला व्हायचा? हा दोष कामगाराच्या अज्ञानाचा नाही. दवाखान्यातील रांगेत दिवसाची मजुरी बुडते आणि खाजगी डॉक्टरची फी परवडत नाही, म्हणून तो पुडीकडे वळतो. दोष आहे त्याला पुडीच्या हवाली करणाऱ्या व्यवस्थेचा.

‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हा भ्रम

वनस्पतीपासून बनलेले औषध अपाय करीत नाही, हे वाक्य जाहिरातदारांनी इतक्या वेळा घोकले आहे की सुशिक्षितही ते खरे मानू लागले आहेत. याचे उत्तर बेल्जियममधील एका घटनेने दिले आहे.

ब्रसेल्स येथील एका चिकित्सालयात १९९० ते १९९२ या काळात वजन कमी करण्यासाठी स्त्रियांना चिनी वनौषधी असलेल्या गोळ्या देण्यात येत होत्या. त्यांत ‘हान फांग जी’ नावाची मुळी असावयास हवी होती. तिच्याऐवजी आली ‘ग्वांग फांग जी’. नावात साम्य, दिसण्यातही साम्य, पण वनस्पती अगदी निराळी! या दुसऱ्या मुळीत ॲरिस्टोलोकिक आम्ल होते. शंभराहून अधिक व्यक्तींची मूत्रपिंडे निकामी होत गेली. १९९३ साली बेल्जियममधील डॉक्टरांनी हा प्रकार वैद्यकीय जगापुढे मांडला. पुढे यांपैकी कित्येकांना मूत्रमार्गाचा कर्करोग झाल्याचे दिसून आले. आज हे आम्ल माणसात कर्करोग उत्पन्न करणारे द्रव्य म्हणून जागतिक पातळीवर मान्य झाले आहे.

ही काही परक्या देशाच्या औषधाची परकी गोष्ट नव्हे. त्याच कुळातील ईश्वरी आणि कीडामारी या वनस्पती आपल्या देशी औषधपरंपरेतही आहेत आणि त्यांतही तेच आम्ल आहे. आपल्या वैदूंनी त्या शतकानुशतके वापरल्या, म्हणून त्या सुरक्षित ठरत नाहीत. साप चावल्यावर किंवा विंचू डसल्यावर होणारा परिणाम डोळ्यांसमोर घडतो. दहा वर्षांनी होणारा मूत्रपिंडाचा नाश मात्र एकट्या वैद्याच्या अनुभवात येऊच शकत नाही. त्यासाठी हजारो रुग्णांची नोंद ठेवणारी सार्वजनिक यंत्रणा लागते. परंपरेचे सामर्थ्य जेथे संपते, तेथे समाजाची जबाबदारी सुरू होते, ती अशी.

चीनमध्ये या वनौषधींचा अभिमान आपल्यापेक्षा तसूभरही कमी नाही. १९५८ साली माओ झेडाँग यांनी देशी वैद्यकाला थोर खजिना म्हणून गौरविले होते. तरीही २००३ मध्ये चिनी शासनाने ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेली ‘ग्वान मू थोंग’ ही वनस्पती औषधांतून बाद केली, आणि पुढच्याच वर्षी ‘ग्वांग फांग जी’ही बाद झाली. तैवाननेही २००३ मध्ये अशा वनस्पतींवर बंदी घातली. ही पावले उशिरा पडली, ती पडेपर्यंत पुष्कळ लोकांची हानी झाली, आणि चीनमधील औषधव्यवहार आजही निर्दोष नाही. पण परंपरेचा अभिमान आणि तपासणी यांत वैर नाही, एवढे यावरून निश्चित सिद्ध होते.

खरे तर आपली परंपरा स्वतःच हे जाणून होती. बचनाग हे जहाल विष आहे आणि ते शोधन केल्यावाचून देऊ नये, असे जुने ग्रंथ बजावून सांगतात. ते गोमूत्रात भिजत ठेवावयाचे, मग दुधात शिजवावयाचे. आज रसायनशास्त्र सांगते की, अशा शिजवण्याने त्यातील ॲकोनिटीन फुटून कमी विषारी द्रव्ये बनतात. म्हणजे शोधन हा कर्मकांडाचा भाग नसून विषबाधा टाळण्याची कृती आहे. पण या कृतीला वेळ लागतो, मनुष्यबळ लागते, इंधन लागते. जेथे प्रत्येक दिवस आणि प्रत्येक मजूर खर्चाच्या बाजूला मांडला जातो, तेथे सर्वांत आधी काट कशाला बसेल, हे सांगण्यासाठी ज्योतिषी नको.

मुंबईतील साक्ष

ऑक्टोबर २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, केंद्र सरकारने आयुर्वेद व योगावर आधारलेली उपचारसंहिता प्रसिद्ध केली. तीत गुळवेलीला स्थान होते. प्रतिकारशक्ती वाढविण्याच्या नावाने गुळवेलीचे काढे आणि गोळ्या घरोघर पोहोचल्या. कंपन्यांना सुगीचे दिवस आले. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांत यकृताला तीव्र इजा झाल्याचे आढळले. त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. हे निरीक्षण २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ रुग्णालयांनी मिळून अशाच ४३ रुग्णांचा वृत्तांत मांडला.

गुळवेल घेणाऱ्यांची संख्या प्रचंड होती आणि इजा झालेले त्या मानाने थोडे होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु आयुष मंत्रालयाने काय केले? डॉक्टरांची माहिती दिशाभूल करणारी आहे असे जाहीर केले, आणि रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी, त्याच कुळातील दुसरी जात असू शकेल, असे सुचविले. क्षणभर हे खरे मानू. मग खरी आणि खोटी वेल बाजारात एकाच नावाने विकली जात असताना ती ओळखण्याची व्यवस्था कोठे होती? लाखो लोकांना गुळवेल घ्या असे सांगणाऱ्या सरकारने, ती गुळवेलच आहे याची खात्री कोणावर सोपविली होती? मंत्रालयाने बचाव म्हणून जे पुढे केले, तेच मंत्रालयाविरुद्ध साक्ष देते. ब्रसेल्समध्ये ‘फांग जी’च्या नावाने जे घडले, तेच आपल्याकडे गुळवेलीच्या नावाने घडू शकते, याची ही सरकारी कबुली नव्हे काय?

परंपरेचा उपहास करणारेही चूकच करतात

याच्या उलट दुसरे टोक आहे. वैदू म्हणजे भोंदू आणि जडीबुटी म्हणजे अडाणीपणा, असे म्हणून मोकळे होणारे लोक आपल्यातही आहेत. त्यांनी सर्पगंधेची हकीगत आठवावी. १९४९ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावर सर्पगंधेच्या मुळीचा होणारा परिणाम रुग्णांवर पद्धतशीर तपासून ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकात मांडला. जे आपल्या वैद्यांना ठाऊक होते, ते मोजून, नोंदवून जगापुढे ठेवले गेले. आणि तीनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेझरपीन वेगळे काढले. मुळी आपली, अनुभव आपला, आणि बाजार परदेशी मक्तेदारांचा!

चीनमध्ये १९६७ साली हिवतापावर औषध शोधण्यासाठी सरकारी मोहीम सुरू झाली. तू यूयू यांच्या गटाने जुन्या ग्रंथांचा आधार घेऊन वनस्पती तपासल्या, आणि १९७२ मध्ये आर्टेमिसिनीन शुद्ध रूपात हाती आले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही दोन्ही उदाहरणे एकच गोष्ट शिकवितात. जुन्या ग्रंथाने वाट दाखविली, पण औषध सिद्ध झाले ते प्रयोगाने. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये सुईचिकित्सा शिकून ती कलकत्त्यात आणली. स्वतः आधुनिक वैद्यकाचे पदवीधर असूनही दुसऱ्याची विद्या शिकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. परंपरेकडे पाहण्याची वैज्ञानिक दृष्टी म्हणतात ती हीच. ती पूजाही करीत नाही आणि थट्टाही करीत नाही.

कायदा आहे, पण कोणासाठी?

कायदाच नाही, असे कोणी समजू नये. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात १९६४ साली देशी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. बचनाग, कुचला, धोत्रा, बिब्बा, जमालगोटा, पारा, हिंगूळ, हरताळ अशा विषारी द्रव्यांची यादी नियमांत आहे, आणि ती असलेल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. पण कोणत्या भाषांत? इंग्रजी आणि हिंदीत! झाशीच्या कामगाराला ती निदान वाचता तरी येईल, पण नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या आदिवासी स्त्रीने ती कशी वाचावयाची? २००० साली कारखान्यांतील स्वच्छता व उत्पादनपद्धतीचे नियम आले. आपल्याच रुग्णांसाठी औषध बनवून देणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना त्यांतून सूट आहे, आणि ती रास्त आहे. आमचे भांडण खेड्यातील वैद्याशी नाही.

भांडण आहे ते वेगळ्याच गोष्टीशी. २०१० च्या नियमांनुसार मान्य ग्रंथांत जसा पाठ आहे तसेच बनविलेल्या औषधाला परवाना मिळविताना सुरक्षिततेची नवी चाचणी द्यावी लागत नाही. यामागे शतकांच्या वापराचा आधार सांगितला जातो. पण ग्रंथातील औषध वैद्य नाडी पाहून, वय पाहून, ठराविक दिवसांसाठी देत असे. आजची गोळी दूरचित्रवाणीवरील जाहिरात पाहून, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या इतर गोळ्यांबरोबर, महिनोन्‌महिने घेतली जाते. पाठ जुना राहिला, वापर मात्र पार बदलला. मग जुन्या वापराचा दाखला नव्या वापराला कसा लागू पडतो?

जाहिरातींची कथा तर याहून बोलकी आहे. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे. तो अपुरा पडतो म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये नियम १७० करण्यात आला. देशी औषधाची जाहिरात करण्यापूर्वी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची संमती घ्यावी, एवढेच त्यात होते. उत्पादकांनी उच्च न्यायालयांत धाव घेतली. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष मंत्रालयानेच राज्यांना पत्र पाठवून या नियमाखाली कारवाई करू नका असे कळविले! १ जुलै २०२४ रोजी तो नियमच वगळण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला स्थगिती दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकालात निघून ती स्थगितीही उठली. कुंपणानेच शेत खाल्ले! नियम करणाऱ्याने नियम गाडला, आणि तोही परंपरेचा जयघोष करीत. चरक-सुश्रुतांची नावे भाषणात आणि कंपन्यांची सोय कागदावर, असा हा कारभार आहे.

साखळीच्या पहिल्या कडीवर कोण आहे?

औषधाची सुरक्षितता कारखान्यात सुरू होत नाही, ती रानात सुरू होते. बुंदेलखंडात, विशेषतः ललितपूरकडे, सहरिया आदिवासी मुळ्या, साली, फळे गोळा करतात. त्यांच्याकडून फडी, फडीकडून आडत्या, आडत्याकडून घाऊक व्यापारी आणि मग कारखाना, असा मालाचा प्रवास होतो. प्रत्येक हातबदलात किंमत वाढते आणि ओळख पुसट होते. अशोकाच्या सालीच्या नावाने बागेतील उंच, सरळ वाढणाऱ्या शोभेच्या ‘अशोका’ची साल खपविली जाते, ही गोष्ट वनस्पतिशास्त्रज्ञांनी वारंवार दाखवून दिली आहे. ज्याला खरे झाड ओळखता येते, त्या आदिवासीला किलोमागे कवडीमोल भाव मिळतो आणि जो झाड ओळखत नाही तो भाव ठरवितो. त्यामुळे ओळखून, जपून, हंगामात तोडण्यात गोळा करणाऱ्याला फायदा उरत नाही. भेसळीचे मूळ येथे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकीहक्क मान्य केला. तो हक्क प्रत्यक्षात येईल आणि गोळा करणाऱ्यांच्या सहकारी संस्थांना रास्त भाव मिळेल, तेव्हाच औषधाची पहिली कडी भक्कम होईल. म्हणून आदिवासीच्या मजुरीचा आणि शहरातील रुग्णाच्या यकृताचा प्रश्न एकच आहे.

‘हा परदेशी कंपन्यांचा कट आहे’

तपासणीची मागणी केली की एक आरोळी ठरलेली असते. देशी वैद्यक बुडविण्याचा हा बहुराष्ट्रीय कंपन्यांचा कट आहे! बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांच्या लुटीविषयी आम्हाला कोणी शिकविण्याची गरज नाही. सर्पगंधेचा इतिहास वर सांगितलाच आहे. पण शिसे देशी डबीतून पोटात गेले म्हणून मूत्रपिंडाला ते स्वदेशी वाटत नाही. आणि देशी वैद्यकाचा एवढाच कळवळा असेल, तर देशी औषधे बनविण्यासाठी १९७८ मध्ये अल्मोडा जिल्ह्यात मोहान येथे उभारलेला सरकारी कारखाना निर्गुंतवणुकीच्या यादीत कोणी घातला? जनतेच्या मालकीची देशी औषधशाळा विकावयास काढणाऱ्यांनी आम्हाला स्वदेशीचे धडे देऊ नयेत.

आमच्या मागण्या

एक : निर्यातीच्या औषधाला जी तपासणी आणि वेष्टनावरील जी ग्वाही सक्तीची आहे, तीच देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक घाण्याला सक्तीची करा. पारा आदी धातू घालून बनविलेल्या रसौषधींना तर अधिकच कडक नियम हवेत.

दोन : जाहिरातीच्या पूर्वसंमतीचा नियम पुन्हा आणा आणि तो राबविण्यासाठी पुरेसे निरीक्षक नेमा.

तीन : घटक, मात्रा, धोक्याची सूचना आणि कोणत्या औषधाबरोबर घेऊ नये ही माहिती ज्या त्या राज्याच्या भाषेत छापा.

चार : देशी औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्याचा कार्यक्रम २००८ मध्ये जामनगरहून सुरू झाला आणि आज त्याचे केंद्र दिल्लीत आहे. तो महाविद्यालयांच्या भिंतींआड न ठेवता प्राथमिक आरोग्य केंद्रे, आशा कार्यकर्त्या आणि रेल्वे रुग्णालयांपर्यंत न्या.

पाच : देशी औषधांचे सार्वजनिक कारखाने विकू नका, वाढवा. संशोधन संस्थांनी आपल्या शहरातील बाजारात विकली जाणारी औषधे नियमित तपासून निष्कर्ष जाहीर करावेत. झाशीत संशोधन संस्था आणि बाजार यांत काही मैलांचेच अंतर आहे.

या मागण्या सरकारकडे पाठवून स्वस्थ बसणे मात्र योग्य नव्हे. आपल्या कामगार संघटनांनी, महिला आणि युवक संघटनांनी वस्त्यावस्त्यांतून काही साध्या गोष्टी पटवून दिल्या पाहिजेत. परवाना क्रमांक व घटकांची यादी नसलेली पुडी घेऊ नये. एका दिवसात गुण देणाऱ्या ‘निव्वळ वनस्पती’च्या औषधाचा संशय धरावा, पण बरेच दिवस घेतलेली अशी पुडी डॉक्टरांना विचारल्यावाचून एकाएकी थांबवू नये. डॉक्टरकडे गेल्यावर काढा-चूर्ण घेत असल्याचे लपवू नये, आणि डॉक्टरांनीही ते ऐकून रुग्णावर खेकसू नये. डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली किंवा अंगावर सूज आली, तर औषधाच्या डबीसह ताबडतोब रुग्णालय गाठावे.

वनौषधी ही कोणा कंपनीची जहागीर नाही आणि कोणा मंत्रालयाची पताकाही नाही. ती पिढ्यानपिढ्यांच्या कष्टकऱ्यांनी, आदिवासींनी, सुइणींनी आणि वैद्यांनी जमविलेली ठेव आहे. त्या ठेवीचा खरा मान तिची परीक्षा करण्यात आहे. बॉस्टनच्या गिऱ्हाइकाला जी खात्री मिळते, ती नगऱ्याच्या कामगाराला मिळाल्यावाचून आम्ही थांबणार नाही!